मावा नुसत्या गोड रसावर जगतो कसा?

गुऱ्हाळवाट (करवीर) | मूळ धागा

पावसाने उघडीप दिल्यावर शिरोळ तालुक्यात मामांच्या उसात गेलो होतो. बांधालगतच्या सात-आठ बेटांवर पानांच्या मागच्या बाजूला लोकरी मावा ही रस शोषणारी कीड कापूस चिकटवल्यासारखी बसली होती, आणि त्याचा चिकटा खालच्या पानांवर पडून त्यावर काळी बुरशी चढली होती. मामांनी अपेक्षेप्रमाणे २००२ साल काढले. त्या वर्षी जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात हा मावा दिसला आणि बघता बघता कोल्हापूर, सातारा, पुणे आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातील ऊसपट्ट्यात पसरला. ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांना ते पांढरे झालेले फड आजही आठवतात.

बोलता बोलता मामांनी पानावरचा चिकटा बोटावर घेऊन चाटला आणि म्हणाले, "गोड आहे रे, रसच आहे हा." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढत आहे. मावा गोड रस पितो आणि गोडच बाहेर टाकतो, तर मग त्याचे अंग कशाचे बनते? गुऱ्हाळावर महिनाभर नुसता रस पिऊन काम करणारा गडी मी तरी पाहिलेला नाही. त्याला भाकरी लागते, झुणका लागतो, रविवारी तांबडा-पांढरा लागतो. माव्याची मादी मात्र नराशिवाय रोज नव्या पिल्लांना जन्म देते, आणि त्या पिल्लांच्या पोटात त्यांची पिल्ले आधीच आकार घेत असतात. एवढी वाढ म्हणजे एवढी प्रथिने, आणि प्रथिने साखरेतून होत नाहीत.

मी प्राणिशास्त्र शिकलो आहे, पण हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता, आता पडला. थोडे वाचल्यावर जे समजले ते असे. वनस्पतीच्या रसवाहिनीतून वाहणाऱ्या रसात साखर भरपूर असते, पण अमिनो आम्ले थोडी, आणि जी असतात त्यांत ग्लुटामिन, ॲस्पॅराजिन, ग्लुटामेट यांसारख्या, प्राण्याला स्वतःच तयार करता येणाऱ्या आम्लांचाच भरणा अधिक. लायसिन, ल्युसिन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन अशी जी दहा अमिनो आम्ले प्राणी स्वतः बनवू शकत नाही आणि आहारातूनच मिळवतो, ती रसात अगदी अपुरी असतात. ही उणीव माव्याच्या शरीरातील एक जीवाणू भरून काढतो. त्याचे नाव बुख्नेरा. मावा त्याला कच्चा माल आणि निवारा देतो, आणि तो माव्याला ही दुर्मिळ अमिनो आम्ले तयार करून देतो. सुमारे १६ कोटी वर्षे किंवा त्याहून अधिक काळ हा संसार चालू आहे. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हारसातून झाला, तो लाव्हा वाहण्याच्याही कितीतरी आधीपासून.

चिकटा गोड का, हेही याच हिशेबात बसते. थोड्याशा नायट्रोजनसाठी माव्याला भरमसाट रस ओढावा लागतो आणि त्यासोबत आलेली नको असलेली साखर बाहेर टाकावी लागते. आपण ज्याला चिकटा म्हणतो ती माव्याची उधळपट्टी नव्हे, ती प्रथिनांच्या दुष्काळाची खूण आहे.

याविषयी अधिक जाणणाऱ्यांनी भर घालावी, ही विनंती.

आडसाली (हातकणंगले)

धागा आवडला, पण एक शंका आहे. आमच्या म्हशीच्या पोटातही जीवाणू असतात आणि तेच चारा पचवतात, हे दूध संस्थेच्या शिबिरात दरवर्षी ऐकतो. युरिया प्रक्रिया केलेला चारा घातला की पोटातले जीवाणू त्या युरियाचे प्रथिन करतात, असेही सांगतात. मग माव्याच्या बाबतीत वेगळे काय आहे?

काचपट्टी (राजाराम कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, आता जीवशास्त्र शिकवते)

आडसालीराव, तुमचे उदाहरण योग्य आहे. नायट्रोजनचा हिशेब दोन्हीकडे जवळजवळ तोच आहे. फरक आहे तो जीवाणू कुठे राहतात आणि कसे येतात याचा.

म्हशीचे जीवाणू पोटाच्या पोकळीत राहतात. रेडकू जन्मते तेव्हा त्याच्या पोटात ते नसतात; आईचे चाटणे, गोठा आणि चारा यांतून ते हळूहळू येतात, आणि त्यांच्यातील कितीतरी जातींना बाहेरच्या जगातही जगता येते. माव्याचे जीवाणू पोटात नाहीतच. शरीराच्या पोकळीत काही मोठ्या, खास पेशी असतात, त्यांना बॅक्टेरिओसाइट म्हणतात, आणि बुख्नेरा त्या पेशींच्या आत राहतो. एका माव्यात अशा साधारण साठ ते ऐंशी पेशी असतात आणि प्रत्येक पेशी या जीवाणूंनी खचाखच भरलेली असते. पिल्लू आईच्या पोटात अगदी सुरुवातीच्या भ्रूणावस्थेत असतानाच शेजारची एक पेशी आपले काही जीवाणू बाहेर सोडते आणि ते भ्रूणाच्या मागच्या टोकातून आत घेतले जातात. म्हणजे माव्याचे पिल्लू जन्माला येताना हे जीवाणू माहेरच्या शिदोरीसारखे सोबत घेऊनच येते. बाहेरून ते मिळण्याची सोय नाही, कारण बुख्नेरा माव्याच्या शरीराबाहेर जगू शकत नाही. प्रयोगशाळेत त्याला बशीत वाढवण्याचे प्रयत्न यशस्वी झालेले नाहीत.

या पेशी नजरेस पडल्या फार पूर्वी, पण त्यांचा अर्थ लागायला वेळ लागला. १८५८ साली टी. एच. हक्सले यांनी माव्यातील या अवयवाचे वर्णन केले आणि त्याला अंड्यातील बलकाचा खोटा भाऊ म्हणावे अशा अर्थाचे नाव दिले. त्यात सूक्ष्मजीव आहेत हे १९१० साली इटलीचे उंबेर्तो पिएरांतोनी आणि चेक संशोधक कारेल शुल्क यांनी एकमेकांवर अवलंबून न राहता मांडले. पुढे जर्मन शास्त्रज्ञ पाउल बुख्नर यांनी अक्षरशः आयुष्यभर किडींच्या पेशींतील अशा भाडेकरूंचा शोध घेतला. १९९१ साली माव्याच्या जीवाणूचे नामकरण झाले ते त्यांच्याच नावावरून. हक्सलेंसारख्या माणसाने पाहूनही न ओळखलेली ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. चित्र काढणे वेगळे आणि समजणे वेगळे.

गुऱ्हाळवाट

काचपट्टी मॅडम, आभार. म्हशीचा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. २००० साली बुख्नेराचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, त्याविषयी आपण लिहावे असे वाटते.

काचपट्टी

लिहिते, हा भाग मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो.

वाटाण्यावरील माव्यातील बुख्नेराचा जनुकसंच २००० साली जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केला. तो सुमारे ६ लाख ४० हजार अक्षरांचा निघाला. 'अक्षर' म्हणजे डीएनएच्या साखळीतील एक जोडी. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा त्याचा दूरचा नातेवाईक, आणि त्याचा जनुकसंच ४६ लाख अक्षरांचा आहे. ई. कोलायकडे चार हजारांहून अधिक जनुके, बुख्नेराकडे सहाशेच्या आतबाहेर. कोट्यवधी वर्षे सुरक्षित घरात राहिल्यावर जे लागत नाही ते गळून गेले: पेशीभोवतालचे मजबूत आवरण बनवण्याची साधने गेली, डीएनएची दुरुस्ती करणारी कित्येक जनुके गेली, परिस्थिती बदलली तर कारभार बदलण्याची यंत्रणा जवळपास संपली.

गेले काय यापेक्षा राहिले काय हे पाहावे. माव्याला स्वतः बनवता येणाऱ्या अमिनो आम्लांची जनुके बुख्नेराकडून बहुतेक सगळी हरवली आहेत, आणि माव्याला बनवता न येणाऱ्या अमिनो आम्लांची मात्र जपली गेली आहेत. एखाद्या घरातून सगळे सामान विकले जावे आणि फक्त मालकाच्या कामाचे जाते तेवढे उरावे, असा प्रकार आहे. ट्रिप्टोफॅन आणि ल्युसिन यांच्या उत्पादनातील कळीची जनुके तर मुख्य गुणसूत्राबाहेर, प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वेगळ्या वर्तुळांवर ठेवलेली आढळतात.

कामाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन बनवण्याच्या साखळीतील शेवटची पायरी बुख्नेराकडे नाही. ती माव्याची पेशी स्वतःच्या विकराने (एन्झाइमने) पूर्ण करते. बुख्नेराने अर्धवट केलेला माल मावा पुरा करतो, आणि मावा जो अमोनिया कचरा म्हणून टाकला असता तो पुन्हा ग्लुटामिन, ग्लुटामेट बनून बुख्नेराच्या कामी येतो. २०१० साली वाटाण्यावरील माव्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा मालकाकडची पडझडही दिसली: इतर कीटकांत जीवाणूंचा मुकाबला करणारी प्रतिकारयंत्रणेची एक प्रमुख शाखा माव्यात नाहीच. घरात कायमचा पाहुणा ठेवणाऱ्याने कुलूपच काढून टाकावे, तसे.

वाचनमात्र (कोल्हापूर, सध्या पुणे)

किती सुंदर आहे हे! निसर्गात सगळीकडे अशीच मैत्री असते. माणसालाच ती जमत नाही.

काचपट्टी

या 'मैत्री' शब्दाला माझी हरकत आहे. राग मानू नये. मैत्रीत उठून जाण्याची मोकळीक असते. बुख्नेराकडे ती नाही, कारण त्याचे शेत, अवजारे, बैल सगळे गेले आहे. आणि माव्याकडेही ती नाही. औषध देऊन बुख्नेरा मारले तर मावा खुजा राहतो आणि त्याची वीण जवळजवळ थांबते. हे कुणी कुणावर केलेले उपकार नाहीत. पिढ्यानपिढ्या एकाच वाड्यावर राहिलेला सालगडी आणि त्याच्यावाचून चूलही न पेटवता येणारा मालक, असे चित्र मला जास्त खरे वाटते. त्यातही मालक कोण, हे मी ठामपणे सांगणार नाही.

आडसाली

मॅडमनी वर लिहिले की औषधाने जीवाणू मेले तर मावा विणत नाही. मग उसावर अँटिबायोटिक का फवारू नये? डाळिंबाच्या तेल्या रोगावर मारतात ते पाकीट आमच्याकडेही मिळते. आमच्या भागातील एका दुकानदाराने तर मागच्या हंगामात "माव्यावरही चालते" म्हणून मला ते दिले होते. मी पंधरा लिटरच्या पंपात टाकून मारले. मावा होता तिथेच राहिला.

गुऱ्हाळवाट

आडसालीराव, तुमचा अनुभव अपेक्षितच होता. प्रयोगशाळेत माव्याला औषध मिसळलेला कृत्रिम रस पाजतात किंवा औषध थेट त्याच्या शरीरात टोचतात. तेव्हा कुठे बॅक्टेरिओसाइटच्या आतील जीवाणूंपर्यंत ते पुरेशा मात्रेत पोहोचते. आपण पानावर मारतो तो थेंब पानाच्या पृष्ठभागावर राहतो आणि मावा पितो ते खोलवरच्या रसवाहिनीतून. शिवाय लोकरी माव्याच्या अंगावरचे मेण पाणी टिकू देत नाही. आणि समजा पोहोचलेच, तरी बुख्नेरा गेलेला मावा लगेच मरत नाही. तो रस पीत राहतो.

त्याहून मोठी गोष्ट अशी की ही माणसांच्या उपचारांतील औषधे आहेत. ती फडात उघड्यावर मारली की मातीतील आणि पाटाच्या पाण्यातील जीवाणूंना ती पचवायची सवय लागते, आणि ते पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळते. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांच्या शेतीतील वापरावर बंदी आणण्याचा मसुदा केंद्र शासनाने २०२१ सालच्या अखेरीस काढला, तो याच भीतीने. ज्याने तुम्हाला ते पाकीट दिले त्याने पैसे घेऊन तुमचे नुकसानच केले.

जास्वंदी (राजारामपुरी)

माझी शेती नाही, गच्चीवर कुंड्या आहेत. गणपतीला वाहण्यासाठी लावलेल्या जास्वंदीवर दर उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण येतो. शेंड्यांच्या बेचक्यात पांढरी पिठासारखी कीड बसते, कळ्या वाकड्या होऊन गळतात, आणि मुंग्यांची रांग लागते ती वेगळीच. मी जुन्या दात घासायच्या ब्रशने साबणाचे पाणी लावून काढते. हीसुद्धा रसच पिते. तिच्या पोटातही बुख्नेराच आहे का?

काचपट्टी

जास्वंदीताई, बुख्नेरा माव्यापुरताच. पण रस पिणाऱ्या जवळपास प्रत्येक घराण्याने आपापला सूक्ष्मजीव धरून ठेवलेला आहे, आणि तुमच्या पिठ्या ढेकणाची गोष्ट त्या सगळ्यांत चक्रावून टाकणारी आहे.

या किडीच्या पेशींत ट्रेम्ब्लाया नावाचा जीवाणू असतो. २००१ साली असे दाखवण्यात आले की लिंबूवर्गीय झाडांवरील पिठ्या ढेकणात या ट्रेम्ब्लायाच्या आत आणखी एक जीवाणू राहतो. किडीच्या पेशीत जीवाणू, आणि त्या जीवाणूच्या पोटात दुसरा जीवाणू. आतल्याचे नाव पुढे मोरानेला ठेवले गेले. २०११ साली दोघांचे जनुकसंच वाचून झाले तेव्हा बाहेरचा ट्रेम्ब्लाया अवघा १ लाख ३९ हजार अक्षरांचा आणि आतला मोरानेला त्याच्या जवळपास चौपट मोठा निघाला. अमिनो आम्लांना प्रथिनाच्या साखळीत जोडण्यापूर्वी त्यांच्या वाहक रेणूंवर चढवणारी विकरे प्रत्येक जिवंत पेशीला लागतात. ट्रेम्ब्लायाकडे त्यांपैकी एकही उरलेले नाही. ती त्याला दुसऱ्याकडूनच मिळतात.

एकेक अमिनो आम्ल बनवण्याची साखळी या तिघांत वाटली गेली आहे: एक पायरी ट्रेम्ब्लायाची, पुढची मोरानेलाची, नंतरची किडीची, मग पुन्हा आत. गुऱ्हाळावर घाण्यावरचा गडी, चुलवाण्यावरचा जळव्या आणि काहिलीवरचा गुळव्या वेगळे असतात, आणि एक जरी आला नाही तरी ढेप पडत नाही, तसाच हा कारखाना आहे. २०१३ साली आणखी एक धागा सापडला. किडीच्या स्वतःच्या जनुकसंचात वीसहून अधिक जनुके मुळात जीवाणूंची आहेत, आणि ती बहुतांशी ट्रेम्ब्लाया किंवा मोरानेलाकडून आलेली नसून कुठल्या कुठल्या तिसऱ्याच जीवाणूंकडून कधीकाळी आलेली आहेत. घरातील तिघांना जे जमत नव्हते ते या उसन्या जनुकांनी भरून काढले.

जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण आणि पपईवरचा पिठ्या ढेकूण यांचाही असाच अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की बाहेरचा ट्रेम्ब्लाया जुना आणि कायमचा, पण त्याच्या पोटातील भाडेकरू मात्र वेगवेगळ्या घराण्यांत पुन्हा पुन्हा बदलला गेला आहे. जुना झिजला की नवा आणला. पुढच्या वेळी ब्रशने ती कीड काढताना एवढे लक्षात ठेवा की आपण एका फटक्यात तीन जीव काढत आहोत.

जास्वंदी

ब्रश आता हातात धरवणार नाही, असे म्हणणार होते, पण काल पुन्हा कळ्या गळल्या, त्यामुळे धरला. कढीपत्त्यावरही बारीक उड्या मारणारी कीड असते, तिचे काय?

गुऱ्हाळवाट

ती बहुधा सायला असावी. तिरकी बसते आणि झाड हलवले की उडी मारते. लिंबूवर्गीय झाडांवर 'ग्रीनिंग' हा रोग पसरवणारी तीच ती कीड, आणि कढीपत्ता हे तिचे आवडते झाड. या घराण्यातील किडींच्या अंगात कार्सोनेला हा जीवाणू असतो. २००६ साली एका अमेरिकी सायलातील कार्सोनेलाचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा तो फक्त १ लाख ६० हजार अक्षरांचा निघाला, आणि जीवाणू म्हणून जगायला कमीत कमी किती जनुके लागतात याविषयीचे अंदाज मोडीत निघाले. कढीपत्त्यावरच्या सायलात कार्सोनेलाबरोबर प्रोफ्टेला नावाचा दुसराही असतो. तो अन्न पुरवण्यापेक्षा विष तयार करण्यात गुंतलेला दिसतो; त्याच्या विषाला डायफोरिन म्हणतात आणि २०१३ साली ते ओळखले गेले. एक आचारी, एक पहारेकरी.

घाटमाथा (गगनबावडा)

आमच्याकडे पावसाच्या तोंडावर जंगलात कान किटतील असा किर्र आवाज चालतो. पर्यटक त्याला रातकिडे म्हणतात. खरे तर भर दुपारी झाडांवर ओरडणारा तो सिकाडा आहे, आणि तो रातकिड्याचा नव्हे तर तुडतुड्यांचा भाऊबंद आहे. त्याची पिल्ले जमिनीत वर्षानुवर्षे मुळांचा रस पितात असे वाचले आहे. मुळांच्या रसात तर साखरही नसणार?

काचपट्टी

अगदी बरोबर. सिकाडा रसवाहिनीतून नव्हे, जलवाहिनीतून पितो. ते जवळपास पाणीच. त्यात साखर नगण्य आणि अमिनो आम्ले फारच विरळ. म्हणून त्याने दोन जीवाणू बाळगले आहेत. सल्सिया आठ आवश्यक अमिनो आम्ले बनवतो, आणि उरलेली दोन, म्हणजे हिस्टिडिन आणि मेथिओनिन, हॉजकिनिया बनवतो. तुडतुडे आणि सिकाडा यांच्या पूर्वजांशी सल्सियाची सोबत किमान २६ कोटी वर्षांची मानली जाते.

हॉजकिनियाचे पुढे जे झाले ते मात्र काळजी वाटावी असे आहे. त्याचा जनुकसंच १ लाख ४४ हजार अक्षरांचा. दक्षिण अमेरिकेतील चिली देशातल्या एका सिकाडात त्याचे दोन वेगळे वंश झालेले २०१४ साली आढळले: एकाकडून जी जनुके हरवली ती दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून हरवली ती पहिल्याकडे. दोघे मिळून एक पूर्ण. भावांनी वाटणी करताना एकाने नांगराचा फाळ न्यावा आणि दुसऱ्याने इसाड, तसे. सिकाडाला आता दोघांनाही पोसावे लागते आणि प्रत्येक अंड्यात दोघांनाही घालावे लागते. तेरा आणि सतरा वर्षांनी बाहेर येणाऱ्या अमेरिकी सिकाडांत तर असे अनेक तुकडे झालेले आहेत. काम तेवढेच आणि तोंडे वाढलेली.

यातून सुटण्याचा एक मार्ग जपानी सिकाडांत दिसला. २०१८ साली असे दाखवले गेले की तिथल्या अनेक जातींत हॉजकिनिया नाहीच. त्याच्या जागी यीस्टसारखी बुरशी बसली आहे, आणि ती बुरशी कीटकांना मारणाऱ्या ऑफिओकॉर्डिसेप्स या बुरशीच्या कुळातील आहे. हिमालयात जिला 'कीडाजडी' म्हणतात तीही त्याच कुळातली. कधीकाळी मारायला आलेल्याला घरकामाला ठेवले.

आडसाली

हे सगळे वाचायला छान आहे, पण आम्ही विचारतो ते औषधाचे आणि मित्रकिडींचे. लोकरी माव्याच्या वेळी डिफा या पतंगाच्या मावा खाणाऱ्या अळ्या आणि मायक्रोमस हा मावा खाणारा कीटक फडात सोडले होते, आणि मावा आटोक्यात आला तो त्यांच्यामुळेच, असे आमचे वडील सांगतात. या जीवाणूंचा त्यांच्याशी काही संबंध आहे का?

गुऱ्हाळवाट

आहे, आणि माझ्या दृष्टीने या धाग्यातील हाच भाग शेतकऱ्याच्या सर्वांत जवळचा आहे.

बुख्नेरा जवळजवळ प्रत्येक माव्यात असतो. त्याखेरीज काही माव्यांत आणखी जीवाणू असतात, जे अन्नासाठी अत्यावश्यक नाहीत पण इतर कामे करतात. वाटाण्यावरील माव्यात हॅमिल्टोनेला असला की माव्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या छोट्या गांधीलमाशीची अळी आतच मरते. २००९ साली स्पष्ट झाले की हे संरक्षण मुळात हॅमिल्टोनेलाचेही नाही. त्याच्यात वस्तीला असलेल्या एका विषाणूमुळे ते मिळते, आणि विषाची जनुके त्या विषाणूकडे आहेत. विषाणू गेला की संरक्षण गेले. म्हणजे परजीवी गांधीलमाश्या सोडूनही फरक पडला नाही, तर दोष गांधीलमाशीचा असेलच असे नाही.

डिफाची अळी मात्र माव्याच्या आत राहून वाढत नाही, ती त्याला सगळाच खाते, मायक्रोमसचेही तसेच. तिथे हॅमिल्टोनेलाची ही युक्ती चालायला जागाच नाही. तुमच्या वडिलांचे निरीक्षण योग्य आहे, आणि म्हणूनच पानामागे डिफाच्या अळ्या दिसत असताना फवारणी करणे म्हणजे आपल्याच राखणदाराला हाकलणे होय.

लोकरी माव्याच्याच सेराटोव्हॅकुना वंशातील एका जपानी जातीचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. तिच्यातील बुख्नेरा आणखी झिजून सुमारे ४ लाख १४ हजार अक्षरांवर आला आहे आणि त्याला आर्सेनोफोनस नावाचा दुसरा जोडीदार लागतो. बुख्नेराला न जमणारे बी-२ जीवनसत्त्व हा दुसरा पुरवतो. जुना गडी थकला की हाताखाली नवा येतो. काचपट्टी मॅडमनी वर सांगितलेलीच गोष्ट इथे वेगळ्या घरात दिसते.

घाटमाथा

उन्हाचे काय? मार्च संपला की मावा आपोआप कमी होतो असे आमचे जुने लोक सांगतात.

काचपट्टी

ऊन माव्याला थेट त्रास देतेच, पण त्याची एक बाजू बुख्नेराकडूनही येते. २००७ सालचे काम आहे. वाटाण्यावरील माव्यातील काही बुख्नेरांत उष्णतेत पेशीला सावरणाऱ्या एका जनुकाला चालू करणाऱ्या कळीजवळचे एकच अक्षर गळालेले असते. एकच. अशा माव्याच्या पिल्लांना चार तास ३५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवले तर पुढे त्यांना पिल्ले फारच थोडी होतात किंवा होतच नाहीत. गंमत अशी की थंड हवेत हेच मावे इतरांपेक्षा जास्त वितात. म्हणून ही उणीव पुसली जात नाही. थंडीत फायदा, उन्हात तोटा. ३५ अंश म्हणजे आपल्या एप्रिलमधली साधी दुपार.

पांढऱ्या माशीची गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील पांढऱ्या माशीत रिकेट्सिया हा जीवाणू सहा वर्षांत १ टक्क्यावरून ९७ टक्क्यांवर पोहोचला, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. रिकेट्सिया असलेल्या माश्या जास्त वितात आणि त्यांत माद्या अधिक होतात. कीड तीच दिसते, पण आतला पाहुणा बदलला की तिचा जोर बदलतो.

आडसाली

शेवटचा प्रश्न. माव्याचा जीवाणू अमिनो आम्ल बनवून देतो, तर मग आम्ही युरिया कमी टाकला काय आणि जास्त टाकला काय, माव्याला काय फरक पडणार? माझ्या जुलैच्या लागणीला मोठ्या बांधणीचा हप्ता टाकायचा आहे, म्हणून विचारतो.

गुऱ्हाळवाट

फरक पडतो. बुख्नेरा हवेतील नायट्रोजन पकडत नाही. त्याला रसातूनच आलेला कच्चा माल लागतो, आणि तो कच्चा माल म्हणजे वर लिहिलेली ग्लुटामिन, ॲस्पॅराजिन वगैरे साधी अमिनो आम्ले. तुम्ही युरिया जादा टाकला की उसाच्या रसात नेमकी हीच वाढतात. तुमच्या म्हशीच्या युरिया प्रक्रिया केलेल्या चाऱ्यासारखेच आहे हे, फक्त या वेळी गोठा माव्याचा. शिफारशीपेक्षा जास्त नत्र दिलेल्या हिरव्यागार, लुसलुशीत उसावर मावा अधिक का बसतो, याचे एक कारण इथे आहे. हप्ता चुकवू नका, पण शेजाऱ्याचा ऊस काळोखा दिसतो म्हणून एकरी एक पोते वाढवूही नका.

आडसाली

शेजाऱ्याचा ऊस काळोखा दिसतो हे आपल्याला कसे कळले, ते सांगा. दोन पोती जादा आणून ठेवली होती. आज पाने उलटून पाहिली. बांधाच्या बाजूच्या तीन बेटांवर मावा आहे आणि त्यातल्या एकावर डिफाच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसते आहे. फोटो काढायला संध्याकाळी पुन्हा जाणार आहे, तोवर पंप धुऊन ठेवला आहे आणि पोती कोठीतच आहेत.